काचेवरील झळाळी

छायाचित्रकार भिंगापुढील करडी चकती फिरवितो आणि काचेवरील झळाळी मावळते. या किमयेचे रहस्य उमगले, तेही अशाच झळाळीतून. १८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन मालूस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांत चमकणारा मावळता सूर्य स्फटिकातून न्याहाळला. स्फटिक फिरविताच त्यातील दोन प्रतिमा आळीपाळीने मंदावल्या. परावर्तनाने प्रकाशाचे ध्रुवीकरण होते, हे त्यातून कळले. १८५२ मध्ये ब्रिस्टलच्या विल्यम हेरापाथ यांनी असा ध्रुवित प्रकाश अडविणारे क्विनीन-आयोडीनचे स्फटिक वर्णिले. पण ते इवले आणि ठिसूळ होते. मोठा स्फटिक घडविण्याचा नाद न धरता, १९२९ च्या सुमारास अमेरिकेतील तरुण एडविन लँड यांनी असंख्य सूक्ष्म स्फटिक एकाच दिशेने मांडून पातळ पापुद्रा सिद्ध केला. प्रयोगशाळेतील दुर्मीळ स्फटिकाचे सामर्थ्य त्यामुळे सामान्य छायाचित्रकाराच्या हाती आले.