संदर्भनिर्देश, परिचर्याशास्त्रातील
परिचर्याविषयक शोधनिबंध, प्रबंधिका वा ग्रंथ यांतील विधान कोणत्या मूळ लेखनावर आधारलेले आहे, हे वाचकास पडताळून पाहता येईल अशा रीतीने नोंदविण्याची पद्धती. लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे नाव, प्रकाशनवर्ष, खंड आणि पृष्ठांक ही अशा नोंदीची मुख्य अंगे होत. पूर्वसूरींचे ऋण मान्य करणे आणि विधानाची सत्यता तपासण्याचा मार्ग मोकळा ठेवणे, असे तिचे दुहेरी प्रयोजन आहे. परिचर्येत दुसऱ्या प्रयोजनाला विशेष महत्त्व आहे. कारण जखमेची निगा, औषधाची मात्रा किंवा वेदनाशमन यांविषयी कागदावर केलेले विधान अखेरीस रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचते.

आधार दाखविण्याची आधुनिक शिस्त प्रथम इतिहासलेखनात दृढ झाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस प्येर बेल (१६४७–१७०६) या फ्रेंच विद्वानाने आपल्या कोशात विस्तृत टीपांची योजना केली, तर लेओपोल्ट फोन रांके (१७९५–१८८६) या जर्मन इतिहासकाराने मूळ कागदपत्रांच्या आधारावर भर दिला. निसर्गविज्ञानांना मात्र लांबलचक तळटीपांपेक्षा आटोपशीर पद्धतीची गरज होती. हार्व्हर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क (१८४७–१९४६) यांनी १८८१ मध्ये एका कवचहीन गोगलगाईच्या अंड्यांवरील निबंधात लेखकाचे नाव व वर्ष मजकुरातच देऊन पूर्ण तपशील शेवटच्या सूचीत दिला. लेखक-वर्ष पद्धतीचा हा आरंभ मानला जातो आणि त्यामुळेच ती ‘हार्व्हर्ड पद्धती’ या नावाने ओळखली जाते.

आधार दाखविण्यासाठी तो आधी सापडावा लागतो. वैद्यकात जॉन शॉ बिलिंग्ज (१८३८–१९१३) यांनी १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ ही मासिक सूची सुरू करून ही सोय केली. परिचर्येला तशी सूची मिळण्यास बराच काळ लागला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी क्रिमियन युद्धानंतर सैनिकांच्या मृत्यूंची आकडेवारी मांडून रुग्णालयीन सुधारणांचा पुरस्कार केला होता. तथापि पुढील अनेक दशके परिचर्येचे शिक्षण मुख्यतः रुग्णालयातील उमेदवारी व वरिष्ठांचा आदेश यांवरच चालले. ‘अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग’ हे नियतकालिक १९०० मध्ये आणि केवळ संशोधनाला वाहिलेले ‘नर्सिंग रिसर्च’ १९५२ मध्ये निघाले. व्हर्जिनिया हेंडरसन (१८९७–१९९६) यांच्या मार्गदर्शनाखाली येल विद्यापीठात १९००–५९ या काळातील परिचर्याविषयक अभ्यासांची सूची तयार झाली व ती १९६३–७२ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाली. पुढे ‘सिनाहल’ या नावाने प्रसिद्धी पावलेली सूचीही १९६१ पासून छापली जाऊ लागली. या सूचींमुळे ‘असे करण्याची रीत आहे’ या उत्तराऐवजी ‘याला आधार कोणता’ हा प्रश्न विचारणे परिचारिकेला शक्य झाले.

परिचर्येच्या लेखनात आज दोन पद्धती प्रामुख्याने रूढ आहेत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची (एपीए) पद्धती १९२९ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मधील काही पानांच्या नियमावलीतून उगम पावली, तिच्या नियमपुस्तिकेची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये निघाली. या पद्धतीत मजकुरात लेखकाचे आडनाव व वर्ष येते आणि सूची वर्णानुक्रमे असते. दुसरी पद्धती वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे भरविलेल्या बैठकीतून निर्माण झाली. प्रत्येक नियतकालिकाचे नियम वेगळे असल्यामुळे एकाने नाकारलेला निबंध दुसऱ्याकडे धाडताना पुन्हा टंकलिखित करावा लागे. ही अडचण दूर करणे हा तिचा हेतू होता. या पद्धतीत संदर्भांना मजकुरातील प्रथम उल्लेखाच्या क्रमाने अंक देतात व सूची त्याच क्रमाने लावतात.

स्वल्पविराम व पूर्णविराम यथास्थित असूनही संदर्भ चुकीचा असू शकतो. याचे ठळक उदाहरण म्हणजे जेन पोर्टर आणि हर्शल जिक यांचे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जानेवारी १९८० मध्ये छापलेले पाच वाक्यांचे पत्र. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वा तत्सम औषधे मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, व्यसनाचा पूर्वेतिहास नसलेल्यांत केवळ चौघांना व्यसन जडल्याची सुस्पष्ट नोंद आढळली, एवढेच त्यात म्हटले होते. घरी दीर्घकाळ औषध घेणाऱ्या रुग्णांविषयी त्यातून काहीच निष्पन्न होत नव्हते. तरीही एका लेखातून दुसऱ्या लेखात जाताना ही अट गळून पडली. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार या पत्राचा संदर्भ ६०८ लेखनांत आला होता. त्यांपैकी ४३९ लेखनांत ते व्यसन विरळ असल्याचा पुरावा म्हणून वापरलेले होते आणि ४९१ लेखनांत रुग्ण रुग्णालयातील होते, याचा उल्लेखच नव्हता. उत्तर अमेरिकेतील अफूजन्य औषधांच्या संकटास जी समजूत पोषक ठरली, तिला या संदर्भांनी हातभार लावला, असा विश्लेषकांचा निष्कर्ष होता. त्यानंतर नियतकालिकाने मूळ पत्रास सावधगिरीची टीप जोडली. ज्यांनी ते पत्र स्वतः वाचले असते, त्यांना अट कळण्यास पाच वाक्ये पुरेशी होती.

भारतात ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया १९०८ मध्ये स्थापन झाली व तिचे ‘द नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ १९१० पासून निघू लागले. दिल्ली व वेल्लोर येथे १९४६ मध्ये पदवी अभ्यासक्रम आणि दिल्ली येथे १९५९ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाल्यावर प्रबंधिकालेखन हा शिक्षणाचा भाग बनला. महाराष्ट्रात मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये सुरू झाले, तर नासिक येथे १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय लेखकांच्या नावांमुळे एक विशेष अडचण उद्भवते. मराठी नावात आडनाव शेवटी असल्याने ते ओळखणे सोपे असते. परंतु अनेक दक्षिणी नावांत आडनावच नसते व पित्याच्या नावाचे वा घराण्याचे आद्याक्षर तेवढे असते. परिणामी एकाच लेखिकेचे लेखन सूचीत दोन-तीन ठिकाणी विखुरते. अशा वेळी मूळ लेखात नाव जसे छापलेले असेल, त्याचाच आधार घेणे इष्ट असते.

विद्यार्थ्याने पाळावयाचे नियम यातूनच स्पष्ट होतात. स्वतः न वाचलेला ग्रंथ वाचल्याप्रमाणे दाखवू नये. दुसऱ्याच्या लेखनातून तो घेतला असल्यास तसे नमूद करावे. शब्दशः उतारा अवतरणचिन्हांत द्यावा. आशय आपल्या शब्दांत मांडला, तरी मूळ लेखकाचा निर्देश आवश्यकच असतो. निष्कर्षाबरोबर रुग्णांचा गट व उपचाराची परिस्थितीही सांगावी. निबंध मागे घेतला गेला आहे काय, हे तपासावे. २००० नंतर प्रचारात आलेल्या अंकीय ओळखक्रमांकामुळे (डीओआय) मूळ लेख शोधणे सुकर झाले आहे. त्याचबरोबर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे बिनचूक दिसणारे संदर्भ रचू शकतात, असेही आढळून आले आहे. म्हणून प्रत्येक नोंद मूळ लेखाशी ताडून पाहण्याची जबाबदारी लेखकावरच राहते. औषध देण्यापूर्वी परिचारिका बाटलीवरील चिठ्ठी वाचते, त्यामागील तत्त्व येथेही लागू पडते.