अ, का, सा, ता, ना : जपानी गाण्यांच्या यादीचा मागोवा

इनोउए दाइसुके यांनी १९७१ साली कोबे शहरात कराओकेची यंत्रे भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि पाहता पाहता जपानभर कराओकेच्या खोल्या निघाल्या. पडद्यावर बोट टेकवून गाणे शोधायची सोय नंतरची. त्याआधी तिथे टेबलावर एक जाडजूड पुस्तक असे आणि त्यात हजारो गाणी नावाच्या पहिल्या अक्षरानुसार लावलेली असत. पहिला विभाग ‘अ’चा.

त्यातली चार प्रसिद्ध गाणी घेऊ. ‘अओइ साम्म्याकु’ हे १९४९चे चित्रपटगीत. ‘अकाइ कुत्सु’, म्हणजे लाल बूट, हे १९२२चे बालगीत. ‘अकातोम्बो’ म्हणजे लाल चतुर. मिकी रोफू यांच्या १९२१च्या कवितेला यामादा कोसाकू यांनी १९२७ साली चाल दिली. आणि ‘अमागि-गोए’ हे इशिकावा सायुरी यांनी १९८६ साली गाजवलेले एन्का प्रकारातले गीत. यादीत ही गाणी याच क्रमाने येतात. ‘अओइ’ पहिले, कारण दुसऱ्या जागी ‘ओ’ हा स्वर आहे. मग ‘अका’ने सुरू होणारी दोन; त्यांत तिसऱ्या अक्षरावर ‘इ’ आधी, ‘तो’ नंतर. शेवटी ‘अमा’. मराठी शब्दकोश उघडणाऱ्याला हे काही नवीन नाही. आपण अकारविल्हे लावले असते तरी गाणी अशीच लागली असती.

हा योगायोग नव्हे. जपानी अक्षरांचा तक्ता पाहिला तर स्वर अ, इ, उ, ए, ओ. पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा, आणि प्रत्येकाची आडवी ओळ : का, कि, कु, के, को. ही सरळ बाराखडीच आहे. जपानीत ‘ख’, ‘घ’ नाहीत, म्हणून त्या जागा गळाल्या. ‘ग’, ‘द’सारखे घोष वर्ण वेगळी खूण देऊन लिहितात. अडखळायला होते ते दोन ठिकाणी. ‘च’च्या जागी ‘सा’ कसा, आणि ‘प’च्या जागी ‘हा’ कसा? उत्तर जुन्या उच्चारात आहे. तक्ता घडला त्या काळात ‘सा’चा उच्चार ‘च’ किंवा ‘त्स’च्या जवळ होता असे भाषाभ्यासक मानतात, आणि आजचा ‘हा’ मुळात ‘पा’ होता. जपानी जीभ बदलली, अक्षरे मात्र आपापल्या घरात राहिली.

हा क्रम तिथे नेला बौद्ध भिक्षूंनी. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू इ.स. ७३६ मध्ये जपानला पोहोचला आणि ७५२ मध्ये नारा येथील तोदाइ-जीच्या महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन त्याच्याच हातून झाले. त्यानंतर कूकाइ हा जपानी भिक्षू ८०४ साली चीनला गेला. चांगआनमध्ये त्याने प्रज्ञ या नालंदेत शिकलेल्या भिक्षूकडे संस्कृतचे धडे घेतले आणि ८०६ मध्ये परतताना सिद्धम् लिपीतले ग्रंथ बरोबर आणले. सिद्धम् ही गुप्तकाळातल्या ब्राह्मीतून निघालेली, म्हणजे आपल्या नागरीची चुलत बहीण. मंत्र शुद्ध म्हणायचे तर वर्णमाला पाठ हवी, म्हणून मठांतून ती घोकली गेली. त्याच अभ्यासातून अकराव्या शतकात जपानी अक्षरांचे तक्ते निघाले. सर्वात जुन्या तक्त्यात स्वर इ, ओ, अ, ए, उ असे अस्ताव्यस्त आहेत. तेंदाइ पंथाच्या म्योगाकूने १०९३ मध्ये ‘हान्-ओन साहो’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हाही ओळींचा क्रम पक्का नव्हता. वर्णमालेच्या धाकात तो हळूहळू सरळ झाला.

सामान्य माणसाचा क्रम मात्र वेगळा होता, आणि तो स्वतःच एक कविता होता. ‘इरोहा’ नावाच्या या रचनेत त्या काळची ४७ अक्षरे प्रत्येकी एकदाच येतात आणि अर्थ लागतो तो अनित्यतेचा. तिची सर्वात जुनी लिखित प्रत १०७९ची आहे. कूकाइने ती रचली असे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. अभ्यासकांना ते पटत नाही. बाराव्या शतकातल्या ‘इरोहा जिरुइशो’ या कोशात शब्द याच कवितेच्या क्रमाने, पहिल्या अक्षरावर लावलेले आहेत. एदो शहरातल्या अग्निशामक तुकड्यांनाही इरोहाची अक्षरे मिळाली.

ओत्सुकी फुमिहिको यांनी १८८९ ते १८९१ या काळात ‘गेन्काइ’ हा कोश प्रसिद्ध केला तो अ-इ-उ-ए-ओ या क्रमाने. फुकुझावा युकिची यांना तो दाखवला तेव्हा त्यांनी तोंड वाकडे केले, करमणुकीच्या थिएटरातले चपलांचे बिल्ले या क्रमाने लावून चालेल का, असे विचारले, ही आठवण प्रसिद्ध आहे. फुकुझावांसारख्या सुधारकालाही सवय सोडवेना. पण कोश, शाळा आणि पुढे टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या यांनी हळूहळू वर्णमालेच्या पारड्यात वजन टाकले. इरोहा टिकली ती संगीतात. पाश्चात्त्य ए, बी, सी, डी या स्वरांना जपानी पाठ्यपुस्तके इ, रो, हा, नि म्हणतात, त्यामुळे सी मेजरचे नाव आजही ‘हा’वरून आहे. म्हणजे गाण्याचे नाव शोधायचे आपल्या वर्णमालेने आणि त्याची पट्टी सांगायची त्या जुन्या कवितेने.

पहिल्या अक्षराचे खरे राज्य पाहायचे तर कारुता या पत्त्यांच्या खेळाच्या चटईवर जायला हवे. जपानीत गाणे आणि कविता या दोहोंना ‘उता’च म्हणतात. जुन्या उतांना शीर्षक नसते, त्या सुरुवातीवरूनच ओळखल्या जातात. फुजिवारा नो तेइका याने १२३५च्या सुमारास शंभर कवींची एकेक उता निवडली. पुढे पोर्तुगीज पत्ते घेऊन आले. त्यांची जहाजे गोव्याहून निघून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जात. पत्त्यांची ती कल्पना आणि या शंभर कविता यांचा मेळ बसला. आजच्या स्पर्धेचे नियम पत्रकार कुरोइवा रुइको यांनी १९०४ साली बसवले.

दोन खेळाडू समोरासमोर गुडघ्यांवर बसतात. प्रत्येकापुढे २५ पत्ते, त्यांवर कवितांचा फक्त उत्तरार्ध. जागा पाठ करायला १५ मिनिटे. वाचक पूर्वार्ध आळवायला लागला की त्याचा उत्तरार्ध ज्याच्या हाताला आधी लागेल त्याचा. उरलेल्या ५० कविताही वाचल्या जातात, पण त्यांचे पत्ते चटईवर नसतात. घाईने हात मारला की चूक. कविता नक्की कोणती हे ज्या अक्षरावर ठरते त्याला ‘किमारिजी’ म्हणतात. मु, सु, मे, फु, सा, हो, से या अक्षरांनी सुरू होणारी एकेकच कविता आहे. तिथे पहिला ध्वनी कानावर पडताच पत्ता उडतो. ‘गेन्जी’ ही कादंबरी लिहिणाऱ्या मुरासाकी शिकिबूची कविता यांतलीच, ‘मे’ची. उलट ‘अ’च्या १६ कविता आहेत. ‘अ’ ऐकून कुणी हलत नाही, सारे दुसऱ्या-तिसऱ्या अक्षराची वाट पाहतात. काही जोड्या तर पाचव्या अक्षरापर्यंत अगदी सारख्या जातात आणि सहाव्यावर फुटतात. शिवाय एक कविता वाचून झाली की तिच्या जोडीदारणीची किमारिजी आखूड होते, म्हणून हे गणित डाव चालू असताना सतत बदलते. शंभर कविता पाठ असणे ही इथे नुसती सुरुवात. ओत्सू येथील ओमी जिंगू देवळात दर जानेवारीत या खेळाचे सर्वोच्च सामने होतात. देऊळ आहे सम्राट तेन्जीचे, आणि शंभरातली पहिली कविता त्याचीच, गर्दीच्या ‘अ’मधली.

आता गाणे मोबाइलवर शोधतात. जपानी मोबाइलच्या कळांवर एकपासून अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा ओळीने असतात आणि शून्यावर वा.

पुण्यात आज कितीतरी मुले जपानी शिकतात आणि हिरागाना या जपानी अक्षरांचा तक्ता परका समजून घोकतात. त्यांच्या शिक्षकांना एकच विनंती आहे : पहिल्याच तासाला फळ्यावर बाराखडी लिहा, शेजारी हा तक्ता लिहा, आणि मग ‘अकातोम्बो’ ऐकवा.