शेवाळ उन्हाळ्यांत कोठें जातें?

शेवाळ म्हटलें कीं आपणांस हौदाच्या हिरव्या कडा आणि पावसाळ्यांतील निसरडी पायरी आठवते. जपानांत मात्र एका समुद्रशेवाळाची गेलीं तीनशेंहून अधिक वर्षें शेती होत आली आहे. त्याचें नांव नोरी. त्याचीं पातळ पानें बारीक चिरून, कागदाप्रमाणें पसरून वाळवितात. अलीकडे आपल्या शहरांतील उपाहारगृहांतहि भाताच्या वळकट्या त्यांतच गुंडाळून मिळतात.

या शेतींत पेरणी मात्र नव्हती! शरद ऋतूंत कोळी उथळ पाण्यांत बांबू व फांद्या रोवून ठेवीत. सूक्ष्म बीं आपण होऊन चिकटलें तर पीक, नाहीं तर वर्ष वायां. उन्हाळ्यांत शेवाळ दिसेनासें होई. तें कोठें जाई, हें पिढ्यान् पिढ्या कोणालाहि उमगलें नव्हतें. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक बुडूं लागलें, तेव्हां हें अज्ञान फार महाग पडलें.

उत्तर मिळालें तें इंग्लंडांत. कॅथलीन ड्रू या विदुषी मँचेस्टर विद्यापीठांत शिकवीत असत. १९२८ सालीं त्यांचा विवाह झाला, आणि विवाहित स्त्रीस अध्यापक ठेवावयाचें नाहीं, या तेथील नियमामुळें त्यांची जागा गेली. (असले नियम करणारेहि विद्वानच!) त्या विनावेतन संशोधन करीत राहिल्या. नोरीच्या एका विलायती भावंडाचें बीं त्यांनीं शिंपल्यांबरोबर पाण्यांत वाढवून पाहिलें, तों शिंपल्यांच्या अंगांतच गुलाबी, केसांसारखे तंतू पसरले. हे तंतू शास्त्रज्ञांना पूर्वींच ठाऊक होते; १८९२ सालीं त्यांना निराळी वनस्पति समजून निराळें नांवहि देण्यांत आलें होतें. १९४९ सालीं ड्रू यांनीं ‘नेचर’ नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, पान आणि तंतु हीं एकाच जिवाचीं दोन रूपें होत. उन्हाळा शिंपल्यांत काढावयाचा, आणि दिवस लहान व पाणी गार झालें कीं बीं बाहेर सोडावयाचें, असा हा क्रम. कूळहि फार पुरातन. कॅनडांतील सुमारें १०५ कोटी वर्षांच्या खडकांत त्याच्या जवळच्या नातलगाचे अवशेष सांपडले आहेत.

जपानी संशोधकांनीं हें ज्ञान उचललें, आणि शिंपल्यांत तंतू वाढवून त्यांचें बीं जाळ्यांवर धरण्याची रीत बसविली. पेरणी प्रथमच माणसाच्या हातीं आली. ड्रू १९५७ सालीं वारल्या. जपान त्यांनीं कधींच पाहिला नाहीं. १९६३ सालीं आरिआके समुद्राकांठीं उतो येथें त्यांचें स्मारक उभें राहिलें. तेथें दर वर्षीं १४ एप्रिल रोजीं नोरी पिकविणारे त्यांच्या स्मरणार्थ जमतात.