गळते तेल, बदनाम रिंग

खेळण्यातल्या मोटारीला शॉक ॲब्सॉर्बर कशाला, असे कुणीही विचारील. पण रिमोटवर चालणारी ती हातभर गाडी खाचखळग्यांतून उड्या मारू लागली, की उत्तर मिळते. नुसत्या स्प्रिंगवर ती चेंडूसारखी उसळत राहील. ही उसळी जिरवायला स्प्रिंगच्या आत तेलाची नळी लागते.

जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७९ मध्ये ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या गाड्या आणल्या, त्यात अशा तेलाच्या नळ्या होत्या. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या टीम असोसिएटेडची ‘आरसी-१०’ आली. पुढच्याच वर्षी डेल मार इथल्या जागतिक स्पर्धेत तिने टू-व्हील ड्राइव्हचे विजेतेपद मिळवले. तेलाचे महत्त्व सर्वांना पटले. पण तेल आले, तशी गळतीही आली.

पिचकारी आठवा. नळी, दट्ट्या आणि दांडा. इथे दट्ट्याला बारीक छिद्रे असतात. त्यांतून सिलिकॉन तेल सावकाश सरकते, म्हणून धक्का मंदावतो. दांडा जिथून आत-बाहेर होतो, तिथे पहाऱ्याला रबराची ओ-रिंग बसवतात. नील्स क्रिस्टेन्सन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या अमेरिकी यंत्रज्ञाने १९३७ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अशा रिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पुढे महायुद्धात विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेत ती फार उपयोगी पडली.

गळती दिसली, की आपण याच रिंगला दोष देतो. पण बिचारीचा दोष दर वेळी नसतो. दांडा आत शिरताना जागा अडवतो आणि तेल काही दबत नाही. नळी काठोकाठ भरलेली असेल, तर तेल फट शोधणारच. यावर दोन उपाय रूढ झाले: टोपणाखाली लवचिक रबरी पडदा ठेवणे, किंवा नळीत थोडी हवा राहू देणे.

म्हणून आधी नळी कोरडी पुसावी, गाडी थोडी चालवावी आणि ओल कुठे येते ते पाहावे. वर आली, तर टोपण सैल असेल किंवा पडदा नीट बसला नसेल. खाली आली, तर दांड्यावरून नख फिरवावे. ओरखडा लागला, तर आधी दांडा बदलावा, नाहीतर तो नवी रिंगही कापील. दांडा गुळगुळीत असेल, तर माती साफ करून रिंग बदलावी. तेल भरल्यावर दट्ट्या हळू वर-खाली करावा, बुडबुडे निघून जाऊ द्यावेत. पडद्याची नळी असेल, तर दांडा आत ढकलून जास्तीचे तेल बाहेर येऊ द्यावे, मगच टोपण पक्के आवळावे.

एवढे केले, तर बहुतेक वेळा काही रुपयांच्या रबरावर काम भागते. पोराची गाडी माळ्यावर जाण्याऐवजी पुन्हा अंगणात धावते.