टेम्पो : एका जर्मन नावाचा सीमाभागातील संसार

भाषेत येणारे परके शब्द दोन प्रकारचे असतात. काही पाहुण्यासारखे येतात आणि पाहुण्यासारखेच राहतात. काही मात्र घरजावई होऊन बसतात आणि दोन पिढ्यांनंतर त्यांचे मूळ गाव विचारण्याचे कोणास सुचत नाही. ‘टेम्पो’ हा शब्द या दुसऱ्या प्रकारातला. दूधगंगेच्या काठी वसलेल्या आमच्या सदलग्यात ‘टेम्पो सांगितलाय’, ‘टेम्पो भरला’, ‘टेम्पोनं आलो’ ही वाक्ये रोज कानी पडतात. समोर उभे असलेले वाहन कोणत्या कंपनीचे आहे, याच्याशी बोलणाऱ्यास काही कर्तव्य नसते. माल वाहणारे, मालमोटारीपेक्षा लहान आणि बैलगाडीपेक्षा वेगवान, ते सारे टेम्पो! कन्नड बोलणारे आमचे शेजारीही त्यास टेम्पोच म्हणतात. सीमेवरील ज्या थोड्या शब्दांविषयी दोन्ही भाषांत वाद नाही, त्यांपैकी हा एक होय.

परंतु हे मुळात सामान्यनाम नव्हे. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरातील एका वाहन-कारखान्याचे ते व्यापारी नाव होते. जर्मन मोटारी म्हटल्या की मर्सिडीज वा बीएमडब्ल्यू डोळ्यांपुढे येते. त्यांची मालकी थोड्यांच्या नशिबी असते, आणि त्यांच्याविषयी लिहिणारेही पुष्कळ असतात. भाजीवाला, विणकर आणि अल्पभूधारक शेतकरी ज्या जर्मन गाडीचे मालक झाले, तिच्याविषयी चार गोष्टी नोंदवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हॅम्बुर्ग हे एल्बे नदीवरील जुने व्यापारी बंदर. तेथे 1920 च्या दशकात ऑस्कर विडाल यांनी ‘विडाल आणि पुत्र’ या नावाने लहान मालवाहू गाड्यांचा उद्योग उभारला. ‘टेम्पो’ हा मूळचा इटालियन शब्द, लॅटिनमधील कालवाचक शब्दापासून आलेला. जर्मन माणसाच्या तोंडी तो वेग या अर्थाने रुळला होता आणि तोच त्यांनी गाडीस दिला. या गाडीच्या यशामागे यंत्रकौशल्याइतकाच एका कायद्याचा हात होता. 1928 साली जर्मनीत दोनशे घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या लहान वाहनांना कर आणि चालक-परवाना यांतून सूट मिळाली. चाके चारांऐवजी तीन ठेवावीत, इंजिन लहान ठेवावे, म्हणजे किराणा दुकानदार किंवा सुतार यांनाही स्वतःची गाडी परवडेल, हे विडाल यांच्या कारखान्याने ओळखले. सवलत कोणास मिळते यावर रस्त्यावर कोणते वाहन दिसेल हे ठरते, हा धडा सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस नवा नाही. तो हॅम्बुर्गलाही लागू पडावा याची मात्र गंमत वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेचिराख झालेल्या शहरांची पुनर्बांधणी सुरू झाली, तेव्हा अशा स्वस्त गाड्यांना पुन्हा मागणी आली. 1949 साली या कारखान्याने दोन गाड्या बाजारात आणल्या. एक ‘हान्सिआट’ नावाची तीनचाकी. हॅम्बुर्गसारख्या जुन्या व्यापारी संघातील नगरांच्या नागरिकास त्या देशात हान्सिआट म्हणतात. दुसरी चारचाकी ‘मॅटाडोर’. मॅटाडोर म्हणजे स्पेनमधील बैलाशी झुंजून त्यास ठार करणारा वीर. जिने पुढे आमच्या भागातील बैलगाडीचे काम हिरावून घेतले त्या गाडीचे हेच नाव असावे, हा योगायोग मोठा सूचक आहे. अर्थात हा अर्थ आमच्याकडे ठाऊक असता, तर कर्नाटकी बेंदराला बैलांना ओवाळणाऱ्या शेतकऱ्याने तिला दारात उभे केले असते की नाही, शंकाच आहे.

भारतात हे नाव आले 1958 साली. टाटांनी डायमलर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपूर येथे 1954 पासून मोठ्या मालमोटारी काढण्यास आरंभ केला होता. पण मोठी मालमोटार हा मोठ्या भांडवलाचा व्यवहार. लहान माल, लहान अंतर आणि लहान मालक यांच्यासाठी वाहन हवे होते. परकीय चलनाची चणचण असलेल्या त्या काळी तयार गाड्या आणण्यापेक्षा सहकार्य करार करून येथेच उत्पादन करणे हाच मार्ग होता. अहमदनगरचे, वकिलीचे शिक्षण घेतलेले आणि स्वातंत्र्यचळवळीत भाग घेतलेले नवलमल कुंदनमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने, बजाज समूहाच्या साथीने आणि हॅम्बुर्गच्या कारखान्याशी करार करून ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी उभी राहिली. आरंभी मुंबईतील गोरेगावी आणि पुढे पुण्याजवळ आकुर्डी येथे तिचे उत्पादन होऊ लागले. कालांतराने बजाज आणि फिरोदिया ही घराणी वेगळी झाली. टेम्पोचा कारभार फिरोदियांकडे राहिला, पाटीवर मात्र बजाज हे नाव पुष्कळ वर्षे तसेच राहिले.

आता आमच्या भागाकडे वळू. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्ह्याबरोबर सदलगा, निपाणी हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या निर्णयाचे राजकीय पडसाद सर्वांस ठाऊक आहेत. आम्हांस येथे त्याची व्यवहाराची बाजू सांगावयाची आहे. रेघ ओढली गेली तरी बाजार जागचे हलले नाहीत. गुळाची पेठ कोल्हापूर, सुताकापडाची इचलकरंजी, मोठ्या दुखण्याला मिरज. आणि ही सारी ठिकाणे आता परराज्यात! तंबाखूची निपाणी तेवढी अलीकडे राहिली. 1939 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालण्यास तेथील अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे. म्हणजे काल ज्या गावी सहज जाता येत होते, तेथे आज कागद घेऊन जाणे आले. वाटेत जकात नाका होताच. अशा परिस्थितीत थोडा माल, पण वेळेवर आणि बाजाराच्या दारापर्यंत पोहोचविणारे वाहन ही या भागाची निकड झाली होती.

हान्सिआटविषयी जुन्या मालकांचे अभिप्राय आम्ही वेळोवेळी ऐकत आलो आहोत. ते सरसकट स्तुतीचे नाहीत आणि म्हणूनच विश्वसनीय वाटतात. गाडीचे सारे बळ पुढच्या एकट्या चाकावर. इंजिनही पुढेच आणि साखळीने फिरे तेच चाक. त्यामुळे मागे हौदात माल कोंबला आणि चढ लागला, की पुढचे चाक हलके पडे व जागीच घसरू लागे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर तर ही खोड अधिकच जाणवे. वळणावर वेग आवरला नाही, तर तीनचाकी कलंडण्याचे भय. इंजिन दोनटप्पी; पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे, प्रमाण चुकले की निळा धूर किंवा अडकलेला दट्ट्या. साखळी सैल होणे, तुटणे हे नित्याचेच. केबिनमध्ये इंजिनाची धग आणि कानठळ्या बसविणारा फटफटाट, यामुळे चालकाचे हाल होत, ते निराळेच.

आणि तरीही तिच्याविषयी बोलताना या मंडळींच्या स्वरात जिव्हाळा येतो, याचे कारण काय? एक तर ही गाडी गल्लीबोळांत वळे. पेठेत जेथे मालमोटार शिरत नसे, तेथे ती दुकानाच्या पायरीला लागे. दुसरे असे, की तिची रचना डोळ्यांना दिसणारी होती. पंप आणि इंजिने दुरुस्त करणारा गावचा मिस्त्री ती झाडाखाली खोलून पुन्हा जोडू शके. मोठ्या शहरातून माणूस बोलवावा लागत नसे. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. तिचा चालक हाच बहुधा तिचा मालक असे. मोठ्या मालमोटारीवर आयुष्यभर किन्नर म्हणून राबणारा माणूस टेम्पोमुळे मालक झाला.

या बदलास पुढे बँकांचे बळ मिळाले. 19 जुलै 1969 रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. अग्रक्रमाने कर्ज द्यावयाच्या व्यवसायांत शेती आणि लघुउद्योग यांच्याबरोबर लहान वाहतूकदारांचाही समावेश झाला. ज्याच्याकडे तारण म्हणून दाखविण्याजोगे थोडेसेच होते, त्यास गाडीच्याच तारणावर कर्ज मिळू लागले. हप्ता फिटेपर्यंत गाडी बँकेची आणि फिटल्यावर आपली! खंडेनवमीस झेंडूच्या माळा घालून पूजलेली गाडी ही त्या घरातील पहिली स्वकष्टार्जित मालमत्ता असे. हप्ते थकून गाडी जप्त झालेली घरेही होती. ती बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही; भाडे मिळेना तर जर्मन यंत्र काय करणार?

त्यानंतर आली मॅटाडोर. 1969 च्या सुमारास आकुर्डीच्या कारखान्यात ती होऊ लागली. चार चाके आणि डिझेलचे इंजिन. हिचेही बळ पुढच्याच चाकांना असल्याने मागे आस फिरविणारा दांडा नव्हता. त्यामुळे मालाचा तळ जमिनीपासून फार उंच नसे. ज्यांनी पाठीवरून पोती चढविली आहेत, त्यांस या काही बोटांच्या फरकाचे मोल सांगावयास नको. तिच्या जुन्या मालकांचा अभिप्राय असा, की ती चढावर ओल्या रस्त्यात थोडी नाडते, पण सपाटीला विश्वासू. मॅटाडोरने माल वाहिलाच, पण माणसेही वाहिली. जोतिबाची चैत्र यात्रा, सौंदत्तीची यल्लमा, लग्नाचे वऱ्हाड, भजनी मंडळ, आणि मध्यरात्री अडलेल्या बाळंतिणीस घेऊन मिरजेपर्यंतची धाव, हे सारे तिने केले. पुढे आलेली टेम्पो ट्रॅक्स तर आमच्याकडे वडापाची गाडी म्हणूनच ओळखली गेली. एसटी आणि कर्नाटकाची बस ज्या आडगावांना दिवसातून एकदोन वेळा शिवत, तेथे वडाप हाच आधार होता. ते बहुतेक ठिकाणी नियमात बसणारे नव्हते, हे सरकारी सेवक म्हणून आम्ही नाकारीत नाही. परंतु नियमात बसणारे वाहन नसेल, तेव्हा माणसाने घरी बसून राहावे, असेही म्हणवत नाही.

हॅम्बुर्गच्या कायद्याची गोष्ट वर सांगितली. तिचे भारतीय रूप 1988 च्या मोटार वाहन कायद्यात आढळते. तीन हजार किलोपर्यंत एकूण भारवजन असलेल्या मालवाहू वाहनास परवान्याची आवश्यकता नाही, असे तो कायदा सांगतो. नोंदणी, कर, विमा, योग्यता-प्रमाणपत्र हे काही सुटत नाही. पण सीमा ओलांडताना प्रतिस्वाक्षरीसाठी खेटे घालणे लहान गाड्यांपुरते संपले. या एका कलमाने सीमाभागातील भाजीविक्रेत्यास जो दिलासा दिला, तो अनेक ठरावांनी दिला नसेल.

आता या नावाच्या नशिबाकडे पाहावे. जर्मनीत हान्सिआटचे उत्पादन 1956 साली थांबले. त्याच्या आदल्या वर्षीच हानोमाग या उद्योगसमूहाने विडाल यांच्या कारखान्यात भाग घेतला होता. 1960 च्या दशकात तो संपूर्णपणे त्यांच्याकडे गेला, आणि नंतर डायमलर-बेन्झने तो आपल्यात सामावून घेतला. हारबुर्ग भागातील त्या जागी आज मर्सिडीजचे सुटे भाग तयार होतात. टेम्पो ही पाटी तेथे नाही. आपल्याकडे हान्सिआट त्यानंतरही पुष्कळ वर्षे निघत राहिली, म्हणजे मायदेशी निवृत्त झालेली गाडी आमच्या रस्त्यांवर नोकरी करीतच होती. पुढे 2005 साली बजाज टेम्पो कंपनीने ‘फोर्स मोटर्स’ हे नाव धारण केले. त्याच वर्षी टाटांची ‘एस’ ही छोटी चारचाकी आली. लोकांनी तिला लाडाने ‘छोटा हत्ती’ म्हटले खरे, पण भाडे ठरविताना तिलाही टेम्पोच म्हणू लागले! नाव ज्याचे होते, त्या दोन्ही कारखान्यांनी ते उतरवून ठेवले. आणि ज्यांचे ते कधी नव्हते, अशा सर्व गाड्यांना ते जाऊन चिकटले. नेपाळातही तीनचाकी प्रवासी वाहनास टेम्पोच म्हणतात, आणि काठमांडूत विजेवर चालणारा ‘सफा टेम्पो’ धावतो. व्यापारी नावाची मालकी कागदावर नोंदलेली असते. शब्दाची मालकी वापरणाऱ्याकडे जाते आणि तेथे फेरफाराची नोंद कोणी घालीत नाही.

येथे एक सूचना करावीशी वाटते. आमच्या भागाचा इतिहास लिहिताना आपण ताम्रपट, वाडे, संस्थाने आणि चळवळी यांची नोंद घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु सीमेच्या दोन्ही बाजूंना बाजार, दवाखाना आणि सोयरिक यांनी जोडून ठेवणाऱ्या चाकांची नोंद कोठेही होत नाही. हान्सिआट गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. मॅटाडोर क्वचित एखाद्या गोठ्याच्या आडोशाला, चाकांविना, वैरणीखाली दिसते. त्या चालविणारे हात आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडील कर्जाची जुनी पुस्तके, परवान्याचे कागद, गाडीपुढे उभे राहून काढलेली छायाचित्रे आणि कोणत्या चढाला कोणता गिअर टाकावा याची आठवण, हे सारे आहे तोवर टिपून घ्यावयास हवे. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा एखादा टेम्पोमालक असेल, त्यांनी एक वही घेऊन त्याच्याजवळ बसावे. हॅम्बुर्गमध्ये त्या गाडीचा इतिहास सांगणारे असतीलच. सदलग्याच्या बाजूचा मात्र आपल्याखेरीज दुसरे कोणी सांगणार नाही.