‘आभा’ कार्ड काढलं, पण त्यात तुमचे रिपोर्ट आहेत का? समजून घ्या दवाखान्याची डिजिटल फाईल

जामखेड तालुक्यातलं खर्डा म्हटलं की बहुतेकांना १७९५ ची मराठे आणि निजामाची लढाई आठवते. पण गावातल्या पेशंटची वाटही लक्षात घेण्यासारखी आहे. खर्डा अहिल्यानगर जिल्ह्याच्या टोकाला, बीड आणि धाराशिवच्या हद्दीजवळ आहे. दुखणं वाढलं की गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून जामखेड, तिथून पुढे नगर. कुणी बार्शी गाठतं, कुणी थेट पुणे. दर टप्प्यावर डॉक्टर नवे असतात. जुनं काही सोबत असेल तर ती एक्स-रे आणि रिपोर्टची प्लास्टिकची पिशवी. ती घरी राहिली की तपासण्या पहिल्यापासून सुरू. पैसे जातातच, पण ‘या पेशंटला अमुक इंजेक्शन चालत नाही’ ही नोंद मागे राहिली तर ते जास्त महागात पडतं.

ही पिशवी कॉम्प्युटरवर आणायची, म्हणजेच इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड, थोडक्यात ईएचआर. पण इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. एखाद्या हॉस्पिटलने स्वतःपुरती माहिती कॉम्प्युटरवर ठेवली, तर ती फक्त त्यांची डिजिटल फाईल झाली. दुसऱ्या गावच्या डॉक्टरला तीच माहिती उघडता आली आणि कळली, तर ईएचआरचा खरा उपयोग.

‘कळली’ हा शब्द महत्त्वाचा. एक डॉक्टर ‘डीएम’ लिहितो, दुसरा ‘शुगर’, तिसरा ‘मधुमेह’. माणसाला तिन्हींचा अर्थ एकच, कॉम्प्युटरला मात्र हे तीन वेगळे शब्द. म्हणून केंद्र सरकारने २०१३ मध्ये ईएचआरची मानकं आणली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. आजारांच्या नावांसाठी ‘स्नोमेड सीटी’ ही आंतरराष्ट्रीय संज्ञावली घेतली. तिचं भारतातलं काम पुण्याच्या सी-डॅकमधून चालतं.

मग ‘आभा’ काय आहे?

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. ‘आभा’ हा त्यातला १४ अंकी नंबर. तो फुकट मिळतो आणि काढायची सक्ती नाही. पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं, हे वेगळं. दोन्हींची सरमिसळ इतकी होते की ‘आभा’ दाखवून मोफत ऑपरेशन मागणारे लोकही असतात.

आणि हा नंबर म्हणजे रेकॉर्ड नव्हे. तुमचे रिपोर्ट दिल्लीत एखाद्या मोठ्या कपाटात जमा होत नाहीत. ते ज्या हॉस्पिटलमध्ये तयार झाले तिथेच राहतात. ‘आभा’ फक्त त्यांना तुमच्या नावाशी जोडतो, आणि तुम्ही मोबाईलवर परवानगी दिली की दुसरा डॉक्टर ते पाहू शकतो. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर या मिशनला जोडलेलंच नसेल, किंवा केसपेपर काढताना तुमचा ‘आभा’ नोंदवलाच नसेल, तर ॲप रिकामंच दिसणार.

सरकारी दवाखान्याच्या खिडकीवरचा क्यूआर कोड पाहिला असेल. तो स्कॅन केला की नाव, वय, पत्ता खिडकीपर्यंत जातो आणि टोकन मिळतं. रांग कमी होते, हे चांगलंच. पण ती झाली नोंदणी. आत डॉक्टरने काय तपासलं, कोणती गोळी दिली, हे कुणीतरी टाइप केलं तरच रेकॉर्ड बनतं. खरी अडचण इथे आहे. सपाट भागात एक प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजार लोकांमागे असावं असा निकष आहे आणि तिथे डॉक्टर असतात एक किंवा दोन. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले. बाहेर रांग लागलेली असताना डॉक्टरने पेशंटकडे बघायचं की कीबोर्डकडे? टाइप करायला वेगळा माणूस न देता फक्त कॉम्प्युटर दिला, तर आधी कागदावर आणि मग स्क्रीनवर असं दुप्पट काम होतं.

महाराष्ट्राला याचा एक धडा आधीच मिळाला आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अनेक वर्षं चाललेली कॉम्प्युटर यंत्रणा जुलै २०२२ मध्ये देयकांच्या वादात बंद पडली. मुंबईच्या जे. जे. सारख्या रुग्णालयातही केसपेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली. करार संपला की पेशंटचा जुना डेटा कुणाच्या हातात राहणार, हे सॉफ्टवेअर घेतानाच ठरायला हवं. त्यानंतर राज्याने सरकारी संस्थांच्या प्रणालींकडे मोर्चा वळवला. सी-डॅकची ‘ई-सुश्रुत’ ही त्यातलीच एक.

सुरक्षेचं काय, हा प्रश्नही रास्त आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या रुग्णालयाचं काम कित्येक दिवस कागदावर चाललं.

पण जामखेडसारख्या भागात परवानगीचा मुद्दा आणखी वेगळा आहे. या पट्ट्यातून अनेक कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि सहा-सहा महिने बाहेर असतात. गरोदर बाईची तपासणी गावात आणि बाळंतपण कारखान्याच्या गावी, असंही होतं. डिजिटल फाईलची सगळ्यात जास्त गरज तिलाच. पण घरात मोबाईल एकच, तो नवऱ्याच्या खिशात. ओटीपी तिथेच येतो. म्हणजे तिचा रिपोर्ट कुणी बघायचा, याची परवानगी प्रत्यक्षात कोण देतं?

तोपर्यंत काय करता येईल? केसपेपर काढताना ‘आभा’ नंबर नोंदवायला सांगा आणि घरी आल्यावर रिपोर्ट ॲपमध्ये दिसतो का ते पाहा. नसेल तर त्याचा फोटो किंवा पीडीएफ स्वतः त्यात चढवता येते. ॲडमिट झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड घेतल्याशिवाय निघू नका. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड डॉक्टरांनी तीन वर्षं जपायचं असतं आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं असतं. मागणी लेखी करा आणि त्याची पोच घ्या.