पोथीबाहेरची सूचना

न्यायमूर्ती रौलट यांच्या राजद्रोह समितीने 1918 मध्ये सरकारला सादर केलेल्या अहवालात नाशिकच्या एका झडतीची नोंद आहे. 1909 मध्ये गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांच्या कागदपत्रांत दाट टंकलिखित इंग्रजी मजकुराची 60 पाने मिळाली. कलकत्त्यात बंगाली क्रांतिकारकांच्या माणिकतला बागेत मे 1908 मध्ये पोलिसांच्या हाती लागलेल्या बॉम्बच्या पुस्तिकेचीच ही दुसरी प्रत होती. नाशिकची प्रत अधिक परिपूर्ण होती, कारण तिच्यात बॉम्ब, सुरुंग आणि इमारती यांच्या 45 आकृत्या होत्या.

पुढे ‘सेनापती’ म्हणून महाराष्ट्राने ओळखलेल्या पांडुरंग महादेव बापट यांच्या तारुण्यातला सर्वांत अंधारा टप्पा या पुस्तिकेशी जोडलेला आहे. बॉम्बची ही विद्या देशात आणणाऱ्यांपैकी ते एक. मात्र नाशिकच्या घरात सापडलेली प्रत त्यांनीच आणली होती, असे केवळ या अहवालाच्या आधारे म्हणता येत नाही. हिंदी क्रांतिकारकांच्या लंडनमधल्या इंडिया हाउसमधून अशा अनेक प्रती निघाल्या होत्या.

बापटांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 रोजी पारनेरला झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन ते मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर एडिंबरोला अभियांत्रिकी शिकायला गेले. तिथे ते नेमबाजीही शिकले, असे चरित्रकार सांगतात. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राजवटीवर टीका करणारा निबंध त्यांनी जाहीरपणे वाचला आणि शिष्यवृत्ती गेली. श्यामजी कृष्णवर्मा आणि बाबारावांचे धाकटे भाऊ विनायकराव सावरकर यांच्या सहवासात आल्यावर ते पॅरिसला गेले. मेदिनीपूरचे हेमचंद्र कानुनगो तिथे बॉम्ब शिकण्यासाठीच आले होते. रशियन क्रांतिकारकांकडून दोघांनी स्फोटकांची विद्या घेतली. गुप्तचरांच्या कागदांत शिकवणाऱ्याचे नाव निकोलस सॅफ्रान्स्की असे येते. रशियन पुस्तिका इंग्रजीत उतरवली गेली. तिचे तीन भाग होते: स्फोटके तयार करणे, बॉम्बचे कवच घडवणे आणि स्फोटकांचा वापर.

या प्रसंगाचे साक्षीदार तीन आणि तिघांचे हेतू वेगळे. सरकारी अहवाल कडक कायद्याची गरज पटवण्यासाठी लिहिलेला. म्हणून पाने आणि आकृत्या मोजण्यात तो नेमका आहे, पण त्यामागच्या माणसांचे मतभेद त्याच्या कामाचे नाहीत. कानुनगोंचे बंगाली आत्मकथन 1928 चे, म्हणजे अंदमान भोगून आल्यानंतरचे. सहकाऱ्यांच्या भोंगळ कारभारावर ते चिडूनच लिहितात. तिसरी साक्ष खुद्द बापटांची, आणि ती बऱ्याच उशिराची. बॉम्ब माणसे मारण्यासाठी नव्हता, देशाला जागे करण्यासाठी होता आणि देशभर जाळे विणले जाण्याआधी त्याचा वापर करू नये, असे आपले मत होते, हे त्यांनी पुढे सांगितले.

या सांगण्यावर कितपत विसंबायचे? पुस्तिकेत इमारतींच्या आकृत्या आहेत, त्यावरून तिचा रोख केवळ माणसांवर नव्हता एवढे दिसते. त्यापलीकडे ती बोलत नाही. कृती केव्हा करू नये, हा गनिमी काव्याचा पहिला धडा असतो. तोच धडा कागदावरून पोचवणे सर्वांत अवघड. बापट मार्च 1908 मध्ये परतले. 30 एप्रिलला मुझफ्फरपूरला न्यायाधीश किंग्जफोर्डसाठी फेकलेल्या बॉम्बने केनेडी मायलेकींचा बळी घेतला. दोनच दिवसांत माणिकतला बागेवर छापा पडला. देशभरचे जाळे विणायला सवड मिळालीच नाही.

त्या छाप्यानंतरच्या अलीपूर खटल्यात माफीचा साक्षीदार नरेन गोस्वामी याच्या जबानीत बापटांचे नाव आले. 1908 च्या ऑगस्टअखेर गोस्वामीला तुरुंगातच गोळ्या घालण्यात आल्या. बापट सुमारे चार वर्षे भूमिगत राहिले, 1912 मध्ये इंदूरला पकडले गेले आणि पुराव्याअभावी सुटले. तिकडे बाबारावांना जून 1909 मध्ये जन्मठेप झाली, ती या पुस्तिकेबद्दल नव्हे. राजाविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या कलम 121 खाली त्यांना दोषी ठरवले गेले ते कवितांचे पुस्तक प्रसिद्ध केल्याबद्दल. नाशिकच्या खटल्यापुरते तरी सरकारला पद्य दारूगोळ्याइतकेच भारी वाटले होते.

सुटून आलेल्या बापटांनी हातात झाडू घेतला आणि पारनेरचे रस्ते झाडले. कविता ते करतच होते. 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या मावळ्यांचा सत्याग्रह उभा राहिला आणि तिथेच लोकांनी त्यांना सेनापती केले. आंदोलन ओसरल्यावर, 9 डिसेंबर 1924 रोजी त्यांनी साथीदारांसह रुळांवर दगड रचून कंपनीची आगगाडी अडवली. सात वर्षांची शिक्षा झाली. त्या दिवशी त्यांच्याकडे शस्त्रे होती. त्यामुळे त्यांना अहिंसेचे पुजारी म्हणून रंगवणे कागदपत्रांना धरून होणार नाही.

तरीही 1908 आणि 1924 यांत महत्त्वाचा फरक आहे. मुळशीत लपणे संपले होते. घाव कंपनीच्या कारभारावर होता, जागा सर्वांना ठाऊक होती आणि परिणाम भोगायला सेनापती स्वतः पुढे उभे होते. उशिरा दिलेली त्यांची साक्ष मला विश्वासार्ह वाटते, ती या वर्तनामुळे. आपल्या नावावर दुसऱ्याने अवेळी घाव घालावा, ही शक्यता त्यांनी पुढच्या आयुष्यात ठेवली नाही.

अलीपूरच्या खटल्यात एक आरोपी अरविंद घोष होते. निर्दोष सुटून ते पाँडिचेरीला गेले. त्यांच्या ‘द लाइफ डिव्हाइन’चा मराठी अनुवाद बापटांनी केला. 18 मे 1955 रोजी नानासाहेब गोरे यांच्याबरोबर ते गोव्याच्या हद्दीत शिरले, तेव्हा ते 74 वर्षांचे होते आणि ती तुकडी निःशस्त्र होती. बॉम्बविद्येचा वस्ताद म्हणून त्यांची ओळख खरी आहे, पण अपुरी. 60 पानांची विद्या वर्षभरात दोन शहरांत पोचली. तिच्यासोबत हवा असलेला संयम शिकवायला मात्र वस्तादाला स्वतः मैदानात उतरावे लागले.